गटप्रकल्पातील वैयक्तिक गुण : सहाध्यायी मूल्यमापनाची पार्श्वभूमी

दोरी एकट्याने ओढताना माणूस जेवढा जोर लावतो तेवढा तो गटात लावत नाही, हे फ्रान्समधील प्रयोगांतून १९१३ मध्येच प्रसिद्ध झाले होते. विद्यार्थ्यांच्या गुणांशी त्याची सांगड मात्र बरीच उशिरा घातली गेली. सहाध्यायी मूल्यमापनाची, म्हणजे गटातल्या सहकाऱ्यांनी एकमेकांना गुण देण्याची आणि त्यातून निघणाऱ्या वैयक्तिक गुणकाने गटाच्या गुणांना गुणण्याची पद्धत ब्रिटनमधील अध्यापकांनी १९९० च्या सुमारास मांडली.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपर्यंत हा विषय पोहोचला तो प्रामुख्याने २०१४ नंतर. त्या वर्षी भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा, पूर्ण सदस्य झाला आणि विद्यार्थी गटात कसे काम करतो याचे पुरावे अधिमान्यतेसाठी (अभ्यासक्रमाच्या दर्जाच्या अधिकृत मान्यतेसाठी) मागितले जाऊ लागले.

खरा वाद गुणकाचा आहे. प्रकल्पाला १०० पैकी ८० गुण मिळाले आणि चौघांना सहकाऱ्यांनी दिलेल्या गुणांची सरासरी अनुक्रमे ५, ४, ४ आणि ३ आली, तर गटाची सरासरी ४ ठरते. प्रत्येकाच्या सरासरीला ४ ने भागून येणारा गुणक थेट लावल्यास पहिल्याला १००, मधल्या दोघांना ८० आणि चौथ्याला ६० गुण पडतात. हा चौथा विद्यार्थी बहुधा कामचुकार असतो, असे गृहीत धरणे अन्यायाचे आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत थांबून कास्टिंग (ओतीव भाग) पदरात पाडून घेणारा, लेथवर भाग बसवून पाहणारा मराठी माध्यमातला मुलगा इंग्रजी अहवालात आणि सादरीकरणात मागे राहतो. सहकाऱ्यांना दिसते ते सादरीकरण. शिवाय गटातले तिघे एकाच वसतिगृहातले असले, तर आपापसांत सढळ हाताने गुण देण्याचा मोह होतोच. म्हणून गुणकाला १.०५ सारखी वरची मर्यादा घालणे, स्वतःला दिलेले गुण वगळणे आणि प्रत्येक गुणामागचे कारण लेखी मागणे, हे उपाय पुढे आले. मर्यादा घातली की वरच्याला १०० ऐवजी ८४ मिळतात, पण चौथ्याचे ६० तसेच राहतात. तिथे मार्गदर्शकाने कामाची नोंदवही स्वतः तपासणे अपरिहार्य आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शालेय प्रगतिपत्रकातही सहाध्यायी मूल्यमापनाला जागा दिली. सत्राच्या मध्यावर, अंतिम गुणांत न धरता, अशा मूल्यमापनाची एक फेरी घेण्याची पद्धतही आता रुळते आहे आणि मागे पडलेल्याला सुधारण्याची संधी देणारी तेवढी एकच फेरी आहे.