युरोपीय संशोधन निधी: अर्जातल्या रकान्यांमागचा इतिहास

डीएसटी किंवा सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन-निधी संस्थांकडे प्रकल्प पाठवण्याची सवय असलेला प्राध्यापक ‘होरायझन युरोप’ या युरोपीय महासंघाच्या संशोधन-निधी कार्यक्रमाचा अर्ज उघडतो तेव्हा पहिल्या निकषापाशी त्याची काही अडचण होत नाही. संशोधनाचा दर्जा सगळीकडेच विचारतात. तो अडखळतो दुसऱ्या निकषापाशी, म्हणजे ‘परिणाम’ या मथळ्याखाली. या कामाचा युरोपच्या उद्योगाला, समाजाला, धोरणांना काय उपयोग, हे तिथे सविस्तर लिहायचं असतं. मग येतात वर्क पॅकेज, डिलिव्हरेबल आणि माइलस्टोनचे (कामाचे भाग, हाती द्यायची फलितं आणि टप्पे यांचे) तक्ते. शिवाय सहकार्याच्या प्रकल्पात किमान तीन स्वतंत्र संस्था लागतात, तिन्ही वेगवेगळ्या सदस्य किंवा कार्यक्रमाशी संलग्न देशांतल्या, आणि त्यांतली एक तरी युरोपीय महासंघाच्या सदस्य देशातली. अनेकांना ही नोकरशाहीची हौस वाटते. मला तसं वाटत नाही. यातली जवळपास प्रत्येक अट कुठल्या तरी राजकीय वादातून आलेली आहे, आणि तो वाद माहीत असेल तर रकान्यात काय लिहायचं हेही लवकर उमगतं.

1951च्या पॅरिस कराराने सहा देशांचा कोळसा-पोलाद समुदाय, म्हणजे आजच्या युरोपीय महासंघाचा पूर्वज, उभा राहिला. त्या करारात संशोधनाला मदत करण्याची तरतूद होती, पण ती त्या दोन उद्योगांपुरती. 1957च्या युरॅटम करारातून अणुऊर्जा संशोधन आलं आणि इटलीत इस्प्रा इथे समुदायाचं स्वतःचं संशोधन केंद्र उभं राहिलं. विद्यापीठातल्या माणसासाठी खरी गोष्ट सुरू होते ती 1980च्या दशकात.

संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये अमेरिका पुढे निघून गेली होती, जपानने 1982 मध्ये पाचव्या पिढीच्या संगणकाचा प्रकल्प सुरू केला होता आणि युरोपातल्या कंपन्या आपापल्या देशाच्या कुंपणात अडकल्या होत्या. समुदायाचे उद्योग आयुक्त, बेल्जियमचे एतिएन दाव्हिन्यों यांनी सीमेन्स, फिलिप्स, ऑलिव्हेटी, थॉमसन अशा 12 बड्या कंपन्यांच्या प्रमुखांना एकत्र आणलं. त्यातून ‘एस्प्री’ हा माहिती-तंत्रज्ञानाचा कार्यक्रम निघाला. निम्मा खर्च समुदायाचा, निम्मा कंपन्यांचा, आणि अट एकच: भागीदार वेगवेगळ्या सदस्य देशांतले हवेत. एकाच देशात होऊ शकणाऱ्या कामाला ब्रुसेल्सने पैसा का द्यावा, या प्रश्नाचं ते उत्तर होतं. आजची तीन देशांची अट त्याच उत्तराची वंशज आहे. म्हणून भागीदार केवळ संख्या भरण्यासाठी घेतले असतील तर मूल्यमापन करणाऱ्यांच्या ते चटकन लक्षात येतं. हे काम एका देशात का होणार नाही, हे अर्जातून दिसावं लागतं.

1984 मध्ये पहिला फ्रेमवर्क कार्यक्रम, म्हणजे समुदायाच्या संशोधन निधीचा अनेक वर्षांचा आराखडा, सुरू झाला, 3.75 अब्ज एकूंचा. (एकू म्हणजे युरोच्या आधीचं समुदायाचं हिशेबी चलन.) 1986च्या एकल युरोपीय कायद्याने संशोधनाला करारात स्थान दिलं, पण उद्देश लिहिला तो युरोपीय उद्योगाचा वैज्ञानिक पाया भक्कम करून त्याची स्पर्धाक्षमता वाढवण्याचा. ‘परिणाम’ हा रकाना तिथून आला आहे. तो विज्ञानाला नंतर चिकटवलेला नाही. उलट या व्यवस्थेत मूलभूत विज्ञानालाच उशिरा जागा मिळाली.

ती मिळवण्यासाठी शास्त्रज्ञांना बरंच भांडावं लागलं, आणि या सगळ्या इतिहासात मला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. युरोपने फक्त अनेक देशांच्या सहकार्यालाच पैसा द्यावा, ही समजूत घट्ट बसलेली होती. एकट्या संशोधकाची एकटी कल्पना हा त्या त्या देशाचा प्रश्न मानला जाई. 2002 मध्ये डेन्मार्ककडे महासंघाचं फिरतं अध्यक्षपद असताना कोपनहेगनच्या परिषदेत स्वतंत्र युरोपीय संशोधन परिषदेची मागणी उघडपणे चर्चेला आली आणि पुढच्या वर्षी युनेस्कोचे माजी महासंचालक फेदेरिको मायोर यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञगटाने तिला पाठिंबा दिला. मांडणी सरळ होती. सगळ्या युरोपातल्या संशोधकांनी एकाच कसोटीवर एकमेकांशी स्पर्धा करणं, हाच युरोपीय पातळीवरचा फायदा आहे. त्यासाठी तीन देशांचे भागीदार कशाला?

फेब्रुवारी 2007 मध्ये युरोपीय संशोधन परिषद, म्हणजे ईआरसी, सुरू झाली. 22 शास्त्रज्ञांचं मंडळ आणि पहिले अध्यक्ष ग्रीक जीवशास्त्रज्ञ फोतिस काफातोस. विषय वरून ठरलेले नाहीत, राष्ट्रीयत्वाची अट नाही, निकष एकच: सर्वोत्तमता. तरुण संशोधकांसाठीच्या पहिल्याच फेरीत 9,000हून जास्त अर्ज आले आणि सुमारे 300 जणांना निधी मिळाला. इतकी दाबून राहिलेली गरज कुणाच्या अंदाजात नव्हती. म्हणून ईआरसीच्या अर्जात उद्योगाच्या फायद्याची लांबलचक वर्णनं घालू नयेत. तिथे विचारतात ते एवढंच की कल्पना किती धाडसी आहे आणि ती तडीस नेणारी व्यक्ती तुम्हीच का.

तक्ते आणि हिशेब यांची कथा कमी उमदी आहे, पण रोजच्या कामात तीच जास्त छळते. सहाव्या फ्रेमवर्क कार्यक्रमात खर्च मोजण्याच्या तीन वेगवेगळ्या पद्धती होत्या. सातव्यात विद्यापीठांना पात्र खर्चाच्या 75 टक्क्यांपर्यंत निधी मिळे आणि अप्रत्यक्ष खर्च (वीज, इमारत, कार्यालय यांचा) मोजण्याचे नियम वेगळे. लेखापरीक्षणात चुका निघत राहिल्या, कामाच्या तासांच्या नोंदी ठेवून संशोधक जेरीला आले आणि 2010 मध्ये हजारोंनी सह्या करून ‘संशोधकांवर विश्वास ठेवा’ अशी मागणी केली. 2014च्या ‘होरायझन 2020’मध्ये, म्हणजे आठव्या कार्यक्रमात, विद्यापीठांसाठी थेट खर्च 100 टक्के आणि वर सरसकट 25 टक्के अप्रत्यक्ष खर्च, असं सोपं सूत्र आलं. आपल्या विद्यापीठाच्या लेखा विभागाला हे 25 टक्के आधीच समजावून सांगावेत. ते वाटाघाटीत ठरत नाहीत.

भारतीयांसाठी मात्र 2014 हे वर्ष उलट्या दिशेने गेलं. भारत आणि युरोपीय समुदायाचा विज्ञान-तंत्रज्ञान करार 2001चा. सातव्या कार्यक्रमापर्यंत भारतीय संस्थेला भागीदार म्हणून आपोआप निधी मिळू शकत असे. ‘होरायझन 2020’पासून भारत, चीन, ब्राझील, रशिया आणि मेक्सिको यांची ही सोय काढून घेतली गेली. आज पुण्यातली संस्था प्रकल्पात सामील होऊ शकते, पण आपल्या वाट्याच्या पैशाची तजवीज सहसा तिलाच करावी लागते.

व्यक्तीसाठी मात्र दारं उघडी आहेत. यजमान संस्था युरोपात असेल आणि कामाचा मोठा हिस्सा तिथे करायची तयारी असेल तर ईआरसी भारतीय नागरिकालाही मिळते. मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल शिष्यवृत्त्यांमध्ये तर भारतीय मोठ्या संख्येने आहेत. तिथे पीएचडीनंतर आठ वर्षांची मर्यादा आहे आणि यजमान देशात आधीच्या 36 महिन्यांत 12हून जास्त महिने राहिलेलं चालत नाही, कारण संशोधकाने देश बदलावा हाच या योजनेचा मूळ हेतू. गुणांमध्ये सर्वोत्तमतेला 50 टक्के, परिणामाला 30, अंमलबजावणीला 20. अर्ज सप्टेंबरात, ब्रुसेल्सच्या संध्याकाळी पाचला बंद होतो, म्हणजे आपल्या रात्री साडेआठला. शेवटच्या तासावर अवलंबून राहू नये. 2025 मध्ये इथे 17,000हून जास्त अर्ज आले, आदल्या वर्षी ते 10,000च्या थोडेच वर होते.

आता पुढचा कार्यक्रम येतो आहे. जुलै 2025 मध्ये युरोपीय आयोगाने 2028 ते 2034 साठी 175 अब्ज युरोंचा प्रस्ताव मांडला, आणि त्याला नव्या स्पर्धाक्षमता निधीची घट्ट जोड दिली. सहकार्याच्या प्रकल्पांचे विषय आता संशोधनाच्या गरजेने ठरणार की उद्योगधोरणाने, यावर विद्यापीठं आणि सरकारं यांच्यात घासाघीस चालेल. दाव्हिन्यों यांच्या काळातला आणि काफातोस यांच्या काळातला असे दोन्ही वाद त्यात पुन्हा वर येणार आहेत, आणि 2028 नंतर अर्ज करणाऱ्यांच्या रकान्यांत त्याचा निकाल उतरेल.