युरॉलॉजीचं शिक्षण आणि करिअर (ठाणे–नवी मुंबई)

युरॉलॉजी ही सर्जरीची शाखा. किडनी, युरेटर (किडनीतून मूत्राशयात लघवी आणणारी नळी), मूत्राशय, प्रोस्टेट, लघवीची नळी आणि पुरुषांची जननेंद्रियं एवढा तिचा इलाका. मूत्ररोगतज्ज्ञ हा शब्द दवाखान्याच्या पाटीवर दिसतो, बोलताना मात्र कुणी वापरत नाही, ठाण्यात पेशंट युरोसर्जन म्हणतात नाहीतर सरळ "स्टोनवाले डॉक्टर". नेफ्रॉलॉजिस्ट वेगळा बरं का, तो एमडी मेडिसिनच्या वाटेने आलेला, औषधं आणि डायलिसिस त्याच्याकडे. किडनी ट्रान्सप्लांटला दोघंही लागतात, नवी किडनी जोडायचं काम युरॉलॉजिस्टचं आणि पुढे ती सांभाळायचं नेफ्रॉलॉजिस्टचं.

खडा काढायचं काम फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत अश्मरी कापून काढायची पद्धत दिलीय आणि आधी राजाची परवानगी घ्या असंही सांगितलंय, म्हणजे आजच्या कन्सेंट फॉर्मचा पणजोबाच म्हणा. ग्रीकांच्या हिपोक्रेटिक शपथेत तर डॉक्टरने खड्यासाठी सुरी लावायचीच नाही, ते काम जाणकारांवर सोडायचं असं आहे, थोडक्यात स्पेशालिस्टकडे रेफर करा. आत दिवा घालून मूत्राशय बघायची दुर्बीण मॅक्स निट्झेने १८७७ मध्ये दाखवली आणि बाहेरून शॉक वेव्ह मारून खडा फोडायचा पहिला प्रयोग १९८० मध्ये म्युनिकला झाला. आता बहुतेक खडे पोट न उघडता निघतात. युरेटरमधल्याला लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून युरेटेरोस्कोपी, किडनीतल्या मोठ्याला पाठीतून छोटं भोक पाडून पीसीएनएल, आणि लवचिक दुर्बीण वर नेऊन लेझरने भुगा करायचा तो आरआयआरएस.

आता वाट. बारावीनंतर नीट, मग एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग नीट पीजी, मग जनरल सर्जरीत एमएस किंवा त्याच तोडीचं डीएनबी ३ वर्षं, मग सुपरस्पेशालिटीची प्रवेशपरीक्षा नीट एसएस, आणि मग एमसीएच किंवा त्याच तोडीचं डीआरएनबी युरॉलॉजी आणखी ३ वर्षं. नुसती बेरीज केली तर साडेअकरा होतात पण तेवढ्यात सुटलेला माणूस विरळा, कारण मध्ये रिपीट येतं, सरकारी किंवा पालिकेच्या कॉलेजात शिकलात तर सक्तीच्या सेवेचं, म्हणजे बाँडचं वर्ष येतं, बऱ्याच जणांचं लग्न पण याच मध्ये कुठेतरी कोंबलेलं असतं. बत्तिसाव्या वर्षी पहिला स्वतःचा पेशंट, हे नॉर्मल आहे. घरचे विचारतात अजून किती परीक्षा, आणि सोसायटीतल्या काकूंना सर्जन झाल्यावर परत विद्यार्थी कसा झाला हेच कळत नाही.

नीट एसएस २०१७ पासून आहे. १५० प्रश्न, बरोबरला ४ मार्क, चुकलं तर १ कापतात. गंमत म्हणजे युरॉलॉजीला जायचं असलं तरी पेपर जनरल सर्जरीचाच असतो, थायरॉइड, हर्निया, पित्ताशय सगळं. मग रँकवर ऑल इंडिया काउन्सेलिंग. इथे ठाणेकरांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. एमबीबीएस आणि एमएसपर्यंत राज्याचा कोटा असतो, त्यामुळे कळव्याच्या राजीव गांधी मेडिकल कॉलेजला एमबीबीएस, मग मुंबईतच सर्जरी असं घराजवळ जमवता येतं, पण सुपरस्पेशालिटीला डोमिसाइल फारसं कामाला येत नाही. केईएम, सायन, नायर, नेरुळचं डी वाय पाटील, कामोठ्याचं एमजीएम, इथे सीट्स आहेत पण त्यांच्यावर देशभरातून रांग लागते, आणि आपला पोरगा चेन्नई किंवा लखनौला जाऊन पेशंटशी मोडक्या तमिळ-हिंदीत बोलतो. गुजरातमधल्या नडियादचं मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटल १९७८ पासून फक्त याच कामासाठी चाललंय, तिथल्या सीटसाठी लोक मुंबई सोडतात.

युरॉलॉजीत रात्री झोप मिळते, अशी अफवा एमएसच्या पोरांमध्ये जोरात असते. कन्सल्टंटला कदाचित मिळत असेल. रेसिडेंटला दोन वाजता क्लॉट रिटेन्शनचा कॉल येतो, मूत्राशयात रक्ताच्या गाठी, लघवी तुंबलेली, थ्री-वे कॅथेटर टाकून वॉश देत उभं राहायचं. तरुण मुलाच्या अंडकोषाला पीळ पडला तर साधारण सहा तासांच्या आत सोडवायला हवा, आणि मुलगा लाजून घरी सांगतच नाही. खड्याने किडनी तुंबली आणि वर थंडी वाजून ताप आला तर सकाळपर्यंत थांबायचंच नाही, खडा राहू दे पण आधी स्टेंट म्हणजे आतून बारीक नळी टाकून किंवा पाठीतून नळी घालून वाट मोकळी करायची. सी-आर्म म्हणजे ऑपरेशनमधल्या एक्स-रे मशीनखाली शिशाचा लेड एप्रन घालून तासन् तास उभं राहून पाठ जाते ती वेगळीच. दुर्बिणीचं काम आवडत असेल, स्क्रीनकडे बघत हात चालत असेल तरच या वाटेला जावं असं माझं मत, उघड्या पोटाचं वेड असलेल्याने जरा विचार करावा.

इकडच्या ओपीडीत एप्रिल-मे सगळ्यात भरलेले. घाम जातो, पाणी कमी पडतं, लघवी घट्ट होते आणि खडे होतात, वागळे इस्टेट किंवा महापे-तुर्भे एमआयडीसीत शेडखाली काम करणाऱ्याला बाटली भरायलाही वेळ नसतो. येण्याआधी कुळथाचं कढण आणि पानफुटी झालेली असते. त्यावर चिडू नये, ५ मिलिमीटरच्या आतला खडा बहुतेक वेळा आपोआपच पडतो आणि क्रेडिट कुळथाला जातं. नुसत्या जळजळीला "उन्हाळी लागलीय" म्हणतात, पण पन्नाशीच्या काकांची उन्हाळी दिवाळीतही टिकली तर प्रोस्टेट बघावं लागतं. काका मात्र ते बायकोसमोर बोलत नाहीत. लेडी युरॉलॉजिस्ट अजून कमीच दिसतात, आणि शिंकताना लघवी सुटणाऱ्या बायका वर्षानुवर्षं पॅड लावून गप्प बसतात.

सेटल व्हायचे इथे ढोबळ दोन प्रकार. कॉर्पोरेटमध्ये सुरुवातीला ठरलेली रक्कम, नंतर केसप्रमाणे. नाहीतर घोडबंदर रोड ते पनवेल चार-पाच नर्सिंग होमला अटॅच व्हायचं आणि सगळं आयुष्य ऐरोलीच्या पुलावर काढायचं. लेझर मशीन पहिल्या दिवशी कुणी विकत घेत नाही, भाड्याने येतं, टेक्निशियनसकट टेम्पोत. सोनोग्राफी मशीन ठेवलं, भले फक्त किडनी बघायला, तरी पीसीपीएनडीटीची (गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा) नोंदणी आणि रजिस्टर लागतंच. राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत युरॉलॉजीची ऑपरेशन्स आहेत, पैसे उशिरा येतात पण हात बसतो.

आणि डीजे स्टेंटची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी, कुणी शिकवत नाही म्हणून सांगतो. खडा काढल्यावर आत ठेवलेली ही नळी काही आठवड्यांत काढायची असते. पेशंटला बरं वाटतं, तो गावी जातो, नंबर बदलतो, दोन वर्षांनी येतो तेव्हा नळीवरच खडा जमलेला असतो आणि आधीच्यापेक्षा मोठं ऑपरेशन लागतं. वहीत दोन फोन नंबर लिहायचे, एक पेशंटचा आणि एक त्याच्या बायकोचा, आणि फोन दुसरा लावायचा.