यकृताच्या तंतुभवनावरील चिनी औषधोपचार

हिपॅटायटिसचे विषाणू, दारू किंवा साठलेली चरबी यांमुळे यकृताला वर्षानुवर्षे इजा होत राहिली, की त्यातील तारकापेशी कोलॅजनचे धागे विणू लागतात आणि मऊ यकृत निबर होत जाते. हे तंतुभवन, म्हणजेच फायब्रोसिस, पुढे सिरोसिसपर्यंत पोहोचते. विषाणू औषधांनी आटोक्यात आला तरी काही रुग्णांचे व्रण विरत नाहीत. चीनमध्ये हिपॅटायटिस बीचे कोट्यवधी रुग्ण आहेत आणि तेथे अशा वेळी विषाणूरोधक गोळ्यांच्या जोडीने पारंपरिक मिश्रणे दिली जातात.

जुन्या चिनी वैद्यकात तंतुभवन असे नाव नाही. तेथे साकळलेले रक्त आणि बरगडीखाली हाताला लागणारी गाठ यांचे वर्णन येते. इ. स. २०० च्या सुमारास होऊन गेलेल्या झांग झोंगजिंग या वैद्याने रेंगाळलेल्या हिवतापानंतर उरणाऱ्या गाठीवर कासवाच्या कवचाची गोळी सांगितली आहे. ती गाठ बहुधा सुजलेली पानथरी असावी. मऊ पाठीच्या कासवाचे तेच कवच आजच्या ‘बिएजिया रुआनगान’ या औषधात आहे. नावाचा अर्थच ‘कवचाने यकृत मऊ करणे’ असा होतो. हिपॅटायटिस बीच्या १,००० रुग्णांवर त्याची चाचणी झाली. निम्म्यांना एन्टेकाविर या विषाणूरोधक गोळीसोबत हे औषध आणि निम्म्यांना एन्टेकाविरसोबत हुबेहूब दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. ७२ आठवड्यांनी यकृताचे तुकडे तपासले, तेव्हा पहिल्या गटात सुमारे ४० टक्के आणि दुसऱ्यात सुमारे ३२ टक्के रुग्णांचे व्रण कमी झालेले आढळले. फरक मोठा नाही, पण खरा आहे. केवळ एन्टेकाविरनेही जवळपास एक तृतीयांश रुग्ण सुधारले, हेही त्यातूनच दिसते.

शांघायमध्ये विकसित झालेल्या ‘फुझेंग हुआयू’ या तंतुभवनावरील आणखी एका मिश्रणाला चीनमध्ये २००२ साली मान्यता मिळाली. त्यात दानशेनचे मूळ, पीचच्या बिया, पाइनचे पराग, शिसांड्राची फळे, जिआओगुलानची वेल आणि कॉर्डिसेप्स बुरशी असे सहा घटक असतात.

या विषयातला सर्वांत मोलाचा धडा मात्र जपानमधून मिळाला. झांग यांच्याच ग्रंथातील ‘शिआओ चायहू’ हा सात द्रव्यांचा काढा तेथे ‘शो-साइको-तो’ या नावाने हिपॅटायटिससाठी भरपूर खपत असे. त्यातले आले, बोर आणि ज्येष्ठमध आपल्याही ओळखीचे. उंदरांमध्ये या काढ्याने तारकापेशींना आवर घातला होता. पण काही रुग्णांना, विशेषतः हिपॅटायटिसवरील इंटरफेरॉन हे औषध घेणाऱ्यांना, फुप्फुसाचा गंभीर दाह होऊ लागला. १९९४ मध्ये ही दोन औषधे एकत्र देण्यास मनाई झाली. १९९६ मध्ये दहा मृत्यूंची नोंद झाल्यावर जपान सरकारने तातडीचा इशारा दिला.

ज्या यकृतासाठी औषध घ्यायचे, त्यालाच काही वनस्पती इजा करतात. केस काळे राहावेत म्हणून घेतल्या जाणाऱ्या हेशोऊवू मुळामुळे कावीळ झाल्याच्या अनेक नोंदी आहेत. तूसानची ही वनस्पती तर यकृतातील बारीक रक्तवाहिन्याच बंद पाडते. सानची या निराळ्या, गुणकारी मानल्या जाणाऱ्या मुळाशी तिचे नाव जुळते, आणि चीनमध्ये अनेकांनी तिला सानची समजूनच घरी औषध म्हणून घेतले आहे.