बुडबुडे थांबले म्हणजे यीस्ट मेलं असं नाही

टँकमधल्या वनस्पतींना कार्बन डायऑक्साइड मिळावा म्हणून बाटलीत साखर, कोमट पाणी आणि चिमूटभर यीस्ट घातलं, झाकणातून नळी काढून फिश टँकमध्ये सोडली. दोन दिवस बुडबुडे छान आले आणि तिसऱ्या दिवशी बंद. अशा वेळी बहुतेक जण मिश्रण ओतून देतात आणि नवं लावतात. माझा आग्रह आहे, की आधी झाकण तपासा.

साधा हिशेब करून बघा. १०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर सुमारे ५१ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे खोलीच्या तापमानाला जवळजवळ २८ लिटर वायू. दोन दिवसांच्या बुडबुड्यांत तो संपणं अवघड आहे. मग तो जातो कुठे?

टँकमध्ये नळीच्या टोकाला वायूचे बारीक बुडबुडे करणारा डिफ्यूझर असतो. त्याच्या सिरॅमिक चकतीची छिद्रं फार बारीक असतात, त्यांतून बाहेर पडायला वायूला चांगला दाब लागतो. झाकणापाशी केसाएवढी फट असली, तरी तो तिथूनच निसटतो. म्हणून डिफ्यूझर काढा आणि नळीचं टोक पेल्यातल्या पाण्यात बोटभर खोल धरा. बुडबुडे आले, तर यीस्ट जिवंत आहे. दोष चोंदलेल्या चकतीत असेल किंवा गळतीत. मग चकती परत जोडा, दाब चढू द्या आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा. फेस फुगेल तिथे गळती. झाकणाच्या प्लास्टिकला साधा गोंद नीट धरत नाही. त्यापेक्षा भोक नळीहून किंचित लहान पाडा, नळीचं टोक तिरकं कापा आणि पकडीने ओढून घ्या. ती इतकी घट्ट बसते, की गोंद लागतच नाही. सिलिकॉनच्या नळीच्या तर भिंतीतूनही हा वायू झिरपतो.

पेल्यातही काही आलं नाही, तरच यीस्टकडे वळा. सुरुवातीचं पाणी फार गरम होतं का? खोली २० अंशांच्या खाली गेली आहे का? थंडीत यीस्ट नुसतं मंदावतं. जुन्या मिश्रणात मात्र साचलेलं अल्कोहोलच त्याला मारतं.

बाटली गार झाली की आतला वायू आकसतो आणि टँकमधलं पाणी उलटं खेचलं जातं, म्हणून नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व हवाच. काचेची बाटली कधीही वापरू नका. नळी तुंबली तर बाटली फुटून काचा उडतात.

पाण्यात वायू किती विरघळला, हे बुडबुडे मोजून कळत नाही. त्यासाठी ड्रॉप चेकर, म्हणजे रंग बदलणाऱ्या द्रवाची छोटी कुपी, टँकमध्ये लावा. त्यात ४ डीकेएचचं (डीकेएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) पाणी असेल तर हिरवा रंग म्हणजे लिटरमागे साधारण ३० मिलिग्रॅम, निळा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे जास्त. रंग बदलायला तास-दोन तास लागतात, तेवढा धीर धरा.

यीस्टला बंद करायचं बटण नाही. रात्री वनस्पती हा वायू घेत नाहीत, उलट सोडतात, आणि बाटली चालूच असते. त्यामुळे रात्री एअर पंप लावा. सकाळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करताना दिसले, तर आधी नळी बाहेर काढा, मग पंप जोरात सुरू करा. बाटलीचं नंतर बघता येईल.