आवाज शोषणे आणि आवाज अडवणे: जोडघराचे नूतनीकरण आखताना

दोन कुटुंबांमध्ये एकच भिंत सामाईक असलेल्या जोडघराचे नूतनीकरण ठरले की मागण्यांच्या यादीत एक ओळ हमखास असते: शेजारचा आवाज येऊ नये. अंदाजपत्रकात त्या ओळीपुढे बहुतेक वेळा फोमची पॅनेल, कापड चढवलेले तक्ते किंवा जाड पडदे यांचा खर्च मांडलेला दिसतो. काम पूर्ण होते, खोलीतला घुमारा जातो, आणि शेजारचा टीव्ही मात्र पूर्वीसारखाच ऐकू येत राहतो. साहित्य निकृष्ट होते म्हणून असे घडत नाही. ते साहित्य आवाज शोषणारे होते आणि गरज आवाज अडवण्याची होती.

शोषणाचा संबंध खोलीत आधीपासून असलेल्या आवाजाशी आहे. गुळगुळीत प्लास्टर, काच आणि फरशी यांच्यावर आदळलेला आवाज जवळजवळ पूर्णपणे परततो आणि पुनःपुन्हा फिरत राहिल्याने खोली घुमते. ग्लासवूल व रॉकवूल (काचेच्या व दगडाच्या तंतूंची लोकर), फोम, गालिचा अशा सच्छिद्र पदार्थांत हवेची कंपने शिरतात, बारीक छिद्रांतील घर्षणाने त्यांची अत्यल्प उष्णता होते आणि परतणारा आवाज क्षीण होतो. या विषयाची शास्त्रीय मोजणी वॉलेस क्लेमेंट सॅबिन यांनी सुरू केली. हार्वर्ड विद्यापीठातील फॉग कला संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळत असत, आणि १८९५ मध्ये ते दुरुस्त करण्याचे काम भौतिकशास्त्राच्या या तरुण अध्यापकाकडे आले. जवळच्या सँडर्स थिएटरमधील आसनांच्या गाद्या रात्री आणून, त्यांची संख्या वाढवत नेत, आवाज विरायला किती वेळ लागतो हे ते मोजत राहिले. शोषणाचे माप म्हणून त्यांनी उघडी खिडकी घेतली, कारण तिच्यावर पडलेला आवाज बाहेर जातो आणि परत येत नाही. म्हणजे तिचे शोषण पूर्ण, १ इतके.

या मापातच दोन्ही गोष्टींमधील फरक स्पष्ट होतो. उघडी खिडकी हा सर्वांत उत्तम शोषक आहे आणि अडथळा म्हणून तिची किंमत शून्य आहे. उलट, प्लास्टर केलेली जाड वीटभिंत जवळजवळ काहीच शोषत नाही, पण आवाज पलीकडे जाऊ देण्यात ती फार कंजूष असते. एका गुणावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

अडवण्याचे काम मुख्यतः वजन करते. दोन्ही बाजूंनी प्लास्टर असलेली २३० मिलिमीटर जाडीची वीटभिंत दर चौरस मीटरला सुमारे ४०० किलो भरते आणि हवेतून येणारा आवाज साधारण ५० डेसिबलने कमी करते. ५० मिलिमीटर जाडीचा फोम तेवढ्याच क्षेत्रफळाला दीड-दोन किलोंच्या आसपास असतो. तो भिंतीवर चिकटवल्याने भिंतीची रोधक्षमता वाढेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याचा काहीच उपयोग होत नाही असे नाही. आपल्या खोलीतील एकूण शोषण दुप्पट झाले, तर पलीकडून आलेल्या आवाजाची घुमणारी पातळी सुमारे ३ डेसिबलने उतरते. हा फरक कानाला जेमतेम जाणवतो.

मग भिंतच जाड करावी का? वस्तुमान दुप्पट केल्यावर सिद्धांतानुसार ६ डेसिबलचा आणि प्रत्यक्षात त्याहून थोडा कमी लाभ होतो, त्यामुळे आधीच जड असलेल्या भिंतीवर आणखी एक थर बांधण्यात अर्थ नाही. खरा मार्ग म्हणजे सामाईक भिंतीला कुठेही न टेकणारी दुसरी हलकी भिंत: स्वतंत्र सांगाडा, मधल्या पोकळीत ग्लासवूल किंवा रॉकवूल, वर सांधे एकमेकांवर येणार नाहीत अशा रीतीने लावलेले जिप्सम बोर्डचे दोन थर, आणि कडेने फटी बुजवणारे, कधीही कडक न होणारे सीलंट. येथे तेच शोषक साहित्य पुन्हा भेटते, पण पोकळीच्या आत आणि मदतनीस म्हणून. माझ्या मते बराचसा गोंधळ याच ठिकाणी जन्मतो, कारण चांगल्या रोधक भिंतीच्या चित्रात ग्लासवूल ठळक दिसते आणि वजन व अंतर दिसत नाहीत. थर्माकोलसारखे ताठ साहित्य भिंतीला चिकटवून त्यावर बोर्ड लावल्यास मात्र अनुनादामुळे, म्हणजे ठरावीक स्वरांना बोर्ड जोराने कंप पावू लागल्याने, काही स्वर पूर्वीपेक्षाही मोठे ऐकू येऊ शकतात.

फटींकडे विशेष लक्ष द्यावे लागते. भिंतीच्या क्षेत्रफळाचा केवळ १ टक्का भाग उघडा राहिला, तर उरलेली भिंत कितीही जड असली तरी एकूण रोध २० डेसिबलच्या पुढे जात नाही. जोडघरात अशा जागा ठरलेल्या असतात: सामाईक भिंतीत पाठीला पाठ लावून बसवलेली स्विचबोर्डांची खोकी, तुळयांच्या टोकांभोवतीच्या खोबणी, आणि छताखालच्या पोकळीत वरपर्यंत न नेता सोडून दिलेली भिंत. शेजारचे शब्द स्पष्ट कळत असतील, तर बोर्डाजवळ कान नेऊन पाहावे. नूतनीकरणात या भिंतीत नव्या वायरिंगसाठी चर पाडू नयेत, आणि तिला हात लावण्याआधी शेजाऱ्यांशी बोलून संमती घ्यावी.

साहित्य निवडताना पत्रकावरील आकडा कशाचा आहे ते पाहावे. एनआरसी हा ० ते १ या पट्टीवरचा शोषणाचा आकडा आहे. अडवण्याची क्षमता एसटीसी किंवा आरडब्ल्यू या मूल्याने सांगितली जाते. ०.९० एनआरसीचे पॅनेल उत्कृष्ट असले तरी शेजारच्या आवाजाबद्दल तो आकडा काहीही सांगत नाही.

वेळापत्रकातही ही दोन कामे एकत्र येत नाहीत. स्वतंत्र भिंत सुमारे १०० मिलिमीटर जागा घेते, म्हणून खिडकीची चौकट, कपाटे, बोर्ड आणि फरशीचे माप ठरण्यापूर्वीच तिचा निर्णय व्हायला हवा. पॅनेल, पडदे आणि गालिचे घर राहते झाल्यावरही लावता येतात, आणि रिकामी खोली किती घुमते हे ऐकूनच ते ठरवणे अधिक शहाणपणाचे आहे.

पावलांचा धप्प आवाज मात्र या दोन्ही उपायांना फारशी दाद देत नाही, कारण तो आघाताने थेट बांधकामात शिरतो. जिन्याच्या पायऱ्या सामाईक भिंतीत रुतवलेल्या असतील, तर प्रत्येक पाऊल त्या भिंतीलाच हलवते. अशा वेळी पायऱ्यांवर लवचीक थर घालणे, किंवा जिना नव्याने होणारच असेल तर तो भिंतीपासून सुटा, स्वतःच्या आधारावर उभा करणे हा उपाय आहे. तो ज्या घरातून आवाज निघतो त्याच घरात करावा लागतो, म्हणून दोन्ही कुटुंबांनी आपापल्या जिन्याचे काम एकाच वेळी काढले तर उत्तम.