झाकण मिटल्यावर लॅपटॉप खरंच झोपतो का? स्लीपमध्ये उतरणाऱ्या बॅटरीची पार्श्वभूमी

रात्री अकराला झाकण मिटलं तेव्हा बॅटरी ८० टक्के होती. सकाळी सातला उघडलं तर ३२. माझ्या लॅपटॉपवर हे पहिल्यांदा झालं, तेव्हा बॅटरीचं आयुष्य संपलं असं समजून मी नवीन बॅटरीची चौकशी करून आलो होतो. नंतर कागदावर हिशेब मांडला. बॅटरी ५० वॉट-तासांची. तिचे ४८ टक्के म्हणजे २४ वॉट-तास. आठ तासांनी भागले की ३ वॉट. म्हणजे यंत्र रात्रभर दर क्षणाला ३ वॉट खात होतं. बॅटरी खराब असती तर ती दिवसा काम करतानाही तशीच ढासळली असती. इथं बॅटरी ठणठणीत होती, लॅपटॉप झोपलाच नव्हता.

हा अनुभव इतक्या जणांचा आहे की तो एखाद्या मॉडेलचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. ‘स्लीप’ हा शब्द गेली तीसेक वर्षं तोच राहिला, पण त्यामागं काय घडतं ते पार बदललं. झोपेचा ताबा आधी फर्मवेअरकडे, म्हणजे यंत्राच्या चिपमध्येच भरलेल्या मूळ प्रोग्रामकडे होता, मग ऑपरेटिंग सिस्टिमकडे गेला आणि आता तो यंत्रातल्या प्रत्येक भागाच्या वागणुकीवर अवलंबून आहे. दुरुस्तीचे जे सल्ले आपण ऐकतो, त्यांतले निम्मे आधीच्या काळातले असतात. म्हणून ते करूनही फरक पडत नाही.

सुरुवात १९९० ची. इंटेलनं त्या वर्षी खास लॅपटॉपसाठी ३८६एसएल हा प्रोसेसर आणला. त्यात ‘सिस्टिम मॅनेजमेंट मोड’ नावाची सोय होती: चालू काम मध्येच थांबवून प्रोसेसर फर्मवेअरमधला कोड चालवायचा, डिस्क थांबवायचा, पडदा विझवायचा आणि पुन्हा कामावर यायचा. ऑपरेटिंग सिस्टिमला याचा पत्ताही नसे. १९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्टनं ‘अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर मॅनेजमेंट’, म्हणजे एपीएम, हे मानक आणलं. त्यातून ऑपरेटिंग सिस्टिम निदान ‘मी रिकामी आहे’ एवढं बायोसला, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या फर्मवेअरला, सांगू लागली. निर्णय मात्र बायोसचाच. त्यामुळं कीबोर्डला हात लागला नाही की बायोस यंत्र झोपवून टाकी, मग पाठीमागं मोठी फाइल उतरत असली तरी.

वीज वाचवण्याची निकड फक्त लॅपटॉपमधून आली नव्हती. १९९२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं ‘एनर्जी स्टार’ ही खूण सुरू केली. वापर नसताना संगणकानं ३० वॉटपेक्षा कमी वीज घ्यावी, ही अट होती. एप्रिल १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशानं तिथल्या सरकारी खात्यांना अशीच खूण असलेले संगणक घेणं बंधनकारक झालं आणि टेबलावरच्या संगणकांनाही झोपायला शिकावं लागलं.

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून ‘एसीपीआय’ हे मानक प्रसिद्ध केलं. आज आपण ज्याला स्लीप म्हणतो त्याची व्याख्या इथली. यंत्राच्या अवस्थांना क्रमांक मिळाले. एस-० म्हणजे जागं. एस-३ म्हणजे रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) सोडून जवळजवळ सगळं बंद. एस-४ म्हणजे रॅममधला मजकूर डिस्कवर लिहून वीज पूर्ण तोडणं, ज्याला आपण हायबरनेट म्हणतो. एस-५ म्हणजे बंद. निर्णय आता ऑपरेटिंग सिस्टिमनं घ्यायचा, फर्मवेअरनं फक्त यंत्राची माहिती तक्त्यांच्या रूपात द्यायची.

एस-३ मध्येही बॅटरी थोडी उतरतेच, आणि त्याचं कारण रॅमच्या जातीत आहे. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये ज्या डायनॅमिक मेमरीचं पेटंट मिळालं, तिच्यात माहितीचा प्रत्येक कण इवल्याशा कपॅसिटरमध्ये विद्युतभार म्हणून साठवलेला असतो. हा भार माठातल्या पाण्यासारखा सतत पाझरतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. एस-३ मध्ये रॅम स्वतःच हे काम करत राहते. त्याला लागणारी वीज वॉटच्या काही दशांशात मोजायची. पाव वॉट धरला तर आठ तासांत २ वॉट-तास, म्हणजे ५० वॉट-तासांच्या बॅटरीचे ४ टक्के. माझ्या लेखी निरोगी झोपेचं माप हेच. रात्रीत चार-पाच टक्के गेले तर शोधाशोध करू नये.

कागदावर एसीपीआय स्वच्छ होतं, प्रत्यक्षात रुळायला दहा वर्षं लागली. विंडोज ९८ आणि विंडोज २००० पासून त्याचा वापर सुरू झाला. पण विंडोज एक्सपीपर्यंत कुठलाही प्रोग्राम किंवा ड्रायव्हर (एखादं उपकरण चालवणारा प्रोग्राम) झोपेला नकार देऊ शकत असे. झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत घालायचा आणि एखाद्या प्रोग्रामच्या नकारामुळं तो आतच तापत बसायचा. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टानं हा नकाराधिकार काढून घेतला: सूचना मिळेल, क्षणभर वेळ मिळेल, पण झोप अडवता येणार नाही. व्हिस्टाबद्दल लोकांनी भरपूर नाराजी व्यक्त केली, तरी माझ्या मते लॅपटॉपच्या इतिहासातला हा अतिशय योग्य निर्णय होता.

त्यानंतरची पाचसहा वर्षं एस-३ चा सुवर्णकाळ. तेव्हाही बॅटरी उतरायची, पण प्रश्न एकच असे: झोपलेल्या यंत्राला उठवलं कोणी? उत्तरंही मोजकी होती. माउसला धक्का लागला, नेटवर्क कार्डाला ‘वेक ऑन लॅन’चा संदेश आला किंवा अपडेटसाठी लावलेला गजर वाजला. विंडोज ७ मधल्या पॉवरसीएफजी या कमांडला ‘लास्टवेक’ जोडलं की शेवटी कोणी उठवलं ते कळे, ‘वेकटायमर्स’ जोडलं की लावलेले गजर दिसत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ‘या उपकरणाला संगणक उठवू द्या’ ही खूण काढली की काम झालं. आजही पहिला सल्ला हाच मिळतो, कारण तो एकेकाळी खरोखर लागू पडत होता.

मग फोन आले. २००७ चा आयफोन आणि २०१० चा आयपॅड खिशात किंवा टेबलावर पडून राहत, तरी संदेश घेत आणि बोट लावताच उजळत. त्यांच्या शेजारी उठायला काही सेकंद घेणारा आणि झोपेत नेटवर्क तोडणारा लॅपटॉप जुनाट वाटू लागला. अ‍ॅपलनं २०१२ मध्ये मॅकच्या ‘माउंटन लायन’ या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत ‘पॉवर नॅप’ आणलं. झोपलेला मॅक अधूनमधून उठून मेल आणि कॅलेंडर आणू लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विंडोज ८ बरोबर ‘कनेक्टेड स्टँडबाय’ आलं आणि २०१५ साली विंडोज १० मध्ये त्याचंच विस्तारित रूप ‘मॉडर्न स्टँडबाय’ झालं.

या अवस्थेचं तांत्रिक नाव लक्षात ठेवावं असं आहे: एस-० लो पॉवर आयडल. क्रमांक शून्य. म्हणजे मानकाच्या भाषेत यंत्र जागंच आहे! पडदा विझतो, प्रोग्राम थोपवले जातात आणि करण्यासारखं काही उरलं नाही की प्रोसेसर, चिपसेट (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी चिप), डिस्क, वाय-फाय असे सगळे भाग आपापल्या सर्वांत खोल विश्रांतीत उतरतात. इंटेलनं २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून अशा खोल अवस्था नेहमीच्या पातळ लॅपटॉपपर्यंत आणल्या. सगळे भाग खरोखर खाली उतरले, तर ही झोप एस-३ च्या तोडीची असते. मायक्रोसॉफ्टनं कनेक्टेड स्टँडबायसाठी घातलेली अटही कडक होती: १६ तासांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त बॅटरी जाता कामा नये.

अडचण त्या ‘सगळे’ शब्दात आहे. एस-३ मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम एकदा हुकूम देई आणि हार्डवेअर वीज तोडे. कुणाला आवडो न आवडो, सगळ्यांना झोपावंच लागे. नव्या पद्धतीत वीज तोडली जात नाही, प्रत्येकानं आपणहून शांत व्हायचं असतं. एकत्र कुटुंबात एक पोर रडत असलं की घरातल्या कुणालाच गाढ झोप लागत नाही, तसं हे आहे. वाय-फायचा एक ड्रायव्हर, एखादी एसएसडी, आवाजाची चिप, यूएसबीत राहिलेला रिसीव्हर, यांपैकी एकजण अडला तरी चिपसेट तळाशी जात नाही. तेव्हा पाव वॉटचे तीन वॉट होतात. बाहेरून काहीच दिसत नाही, पंखाही बऱ्याचदा बंद असतो. व्हिस्टानं जो नकाराधिकार काढून घेतला होता, तो या मागच्या दारानं परत आला.

त्याची जाणीव मायक्रोसॉफ्टलाही लवकर झाली असावी. विंडोज ८.१ मध्येच पॉवरसीएफजीला ‘स्लीपस्टडी’ हा नवा अहवाल जोडला गेला. झोपेच्या प्रत्येक सत्रात किती बॅटरी गेली आणि यंत्र किती टक्के वेळ तळाच्या अवस्थेत होतं, हे त्यात दिसतं. या अवस्थेला तिथं ‘ड्रिप्स’ म्हणतात आणि तिचे दोन आकडे असतात, एक सॉफ्टवेअरचा, एक हार्डवेअरचा. दोन्ही कमी असतील तर पाठीमागं काहीतरी चालू आहे आणि खालच्या यादीत त्याचं नाव सापडतं. सॉफ्टवेअरचा आकडा नव्वदीत आणि हार्डवेअरचा शून्याजवळ असेल, तर प्रोग्राम बंद करत बसण्यात अर्थ नाही. दोष ड्रायव्हर, फर्मवेअर किंवा जोडलेल्या उपकरणात आहे. माझ्याकडे नेमकं हेच निघालं. ज्या कंपनीचा लॅपटॉप होता, तिनं काही महिन्यांनी दिलेल्या बायोस अपडेटनंतर रात्रीची घट पाच टक्क्यांच्या आत आली.

हे बदल होत असताना जुनी झोप ठेवली असती, तर एवढी ओरड झाली नसती. पण ती काढून घेतली गेली. याचं ठळक उदाहरण २०१८ चं, लेनोवोच्या थिंकपॅड एक्स-१ कार्बनच्या सहाव्या पिढीचं. त्या यंत्राच्या फर्मवेअरनं एस-३ जाहीरच केलं नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांना ते लगेच बोचलं. लिनक्स नव्या पद्धतीला ‘एस-टू-आयडल’ म्हणतं आणि जुन्या एस-३ ला ‘डीप’. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ‘मेम-स्लीप’ फाइलमधून त्या यंत्रावर ‘डीप’ हा पर्यायच गायब होता. लोकांनी एसीपीआयचे तक्ते यंत्रातून उतरवून घेतले, त्यात एस-३ ची नोंद हातानं घातली आणि सुरू होताना कर्नलला दुरुस्त तक्ता दिला. ज्यांना हे जमलं त्यांचा लॅपटॉप पुन्हा नीट झोपू लागला, म्हणजे हार्डवेअरमध्ये क्षमता होतीच. त्याच वर्षी लेनोवोनं बायोस अपडेट देऊन झोपेचा प्रकार निवडायची सोय केली, ‘विंडोज १०’ आणि ‘लिनक्स’ अशी दोन नावं देऊन. ग्राहकांनी लावून धरलं की असं बदलतं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

विंडोजवर उलटा प्रवास झाला. रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यातली, ‘सीएस-एनेबल्ड’ ही नोंद शून्य केली की अनेक यंत्रं एस-३ वर परतत. मे २०२० च्या अपडेटनंतर ती युक्ती चालेना. तिच्या जागी दुसरी एक नोंद सापडली, पण फर्मवेअरमध्ये एस-३ असेल तरच ती कामाची. नसेल तर उरलासुरला स्लीपही नाहीसा होतो. याच सुमारास आलेल्या इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये एस-३ दिसेनासं झालं. म्हणून जुन्या लेखातली रजिस्ट्रीची कृती डोळे झाकून करू नये.

जोडलेल्या उपकरणांचा वाटाही कमी लेखू नये. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या फ्रेमवर्क लॅपटॉपमध्ये बाजूची पोर्टं काढता-घालता येतात. त्यांतलं पहिल्या आवृत्तीचं एचडीएमआय कार्ड नुसतं खोचून ठेवलं तरी झोपेत वीज घेत राही. कंपनीनं पुढं सुधारित कार्ड आणलं. एरवीही रात्री सगळं काढून एक चाचणी घ्यावी, दुसऱ्या रात्री एकेक जोडून पाहावं.

या सगळ्यात हायबरनेट मात्र १९९६ पासून आपल्या जागी टिकून आहे. विंडोज ८ पासून तो बंद करण्याच्या मेन्यूत आपोआप दिसत नाही, म्हणून अनेकांना तो गेला असंच वाटतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून तो परत आणता येतो आणि झाकण मिटण्याच्या क्रियेलाही जोडता येतो. उठायला थोडा वेळ जास्त लागतो, पण वीज तुटलेली असते, त्यामुळं कुणाच्या सहकार्याची गरज उरत नाही. प्रवासात बॅगेत ठेवताना मी आता फक्त हायबरनेट वापरतो. बॅगेत हवा खेळत नाही, तिथं अर्धवट जागं यंत्र तापणं बॅटरीच्या आयुष्याला फार वाईट. जिथं लाइट जाऊन तासन्‌तास येत नाही, तिथं तर झोपेत गेलेले ४८ टक्के म्हणजे दुसऱ्या दिवशीचं निम्मं काम.

तपासाची सुरुवात म्हणून टर्मिनलमध्ये पॉवरसीएफजीपुढं तिरकी रेघ आणि ‘ए’ लिहून पाहा. उपलब्ध आणि अनुपलब्ध अवस्थांची यादी येते. नव्या लॅपटॉपवर वरच्या भागात ‘एस-० लो पॉवर आयडल’ असतं. खालच्या भागात एस-३ च्या पुढं, यंत्राच्या फर्मवेअरला ही अवस्था मान्य नाही, असं लिहिलेलं दिसलं तर ‘लास्टवेक’मध्ये वेळ न घालवता थेट ‘स्लीपस्टडी’ उघडावा.