बझर आधी कुणी दाबला?

प्रोग्रामिंग शिकताना आपण जो पहिला प्रोग्राम लिहितो तो फार आज्ञाधारक असतो. पाच विषयांचे गुण विचारतो, बेरीज करतो, टक्केवारी दाखवतो आणि संपतो. कोणती ओळ कधी चालणार हे लिहिणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. वापरणाऱ्याला बोलायची मुभा आहे, पण विचारलं तेव्हाच आणि विचारलं तेवढंच. गणिताचे गुण टाकताना एखादीला आठवलं, की अगोदर मराठीचे चुकून कमी टाकले, तर तिने गप्प राहायचं. मागे जायची सोय नाही.

आता दुसरा एक प्रोग्राम घेऊ. गोव्यातल्या शाळांमध्ये ‘केअर्स’ या सरकारी योजनेतून कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवतात. फोंडा असो की डिचोली, विज्ञान प्रदर्शनाच्या टेबलावर हल्ली अर्दुइनोचा (प्रोग्राम भरून चालवता येणाऱ्या सर्किटचा) छोटा निळा बोर्ड, तारांचा गुंता आणि त्यातून मुलांनी बनवलेला प्रश्नमंजूषेचा बझर दिसतो. चार संघ, चार बटणं, चार दिवे, एक भोंगा. ज्याने आधी दाबलं त्याचा दिवा लागायचा आणि बाकीची बटणं निकामी व्हायची. एवढंच.

हे आज्ञाधारक पद्धतीने लिहायला गेलं की लगेच अडतं. ‘पहिल्या संघाने बटण दाबेपर्यंत थांब’ असं लिहिलं, तर प्रोग्राम त्याच ओळीवर ताटकळत राहतो. तिसऱ्या संघाने बटण बोट दुखेपर्यंत दाबलं तरी त्याला पत्ता नाही. कारण इथे क्रम लिहिणाऱ्याच्या हातात नाहीच. तो चार टेबलांवर बसलेल्या मुलांच्या हातात आहे. मग प्रोग्राम लिहायची रीतच बदलावी लागते. ‘आधी हे, मग ते’ सोडून ‘असं झालं तर हे कर’ अशी सुटी सुटी कलमं लिहायची. बाहेर जे घडतं त्याला इव्हेंट म्हणतात: बटण दाबलं, बोट स्क्रीनवर टेकलं, संदेश आला, दहा सेकंद संपले. आणि त्या त्या इव्हेंटसाठी लिहून ठेवलेल्या कलमाला हँडलर. काही घडत नसेल तेव्हा प्रोग्रामने काही करायचं नाही. नवशिक्याला सगळ्यात अवघड हेच जातं. आपण लिहिलेलं कधी चालेल, किती वेळा चालेल, चालेल तरी का, हे आपल्याला ठाऊक नाही आणि ते तसंच असायला हवं.

पण काहीतरी घडलंय हे यंत्राला कळतं कसं? याच्या दोन तऱ्हा आहेत आणि आपल्याकडे पाव घेणाऱ्या प्रत्येक घराला दोन्ही समजतील. पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, साधारण कधी येतो ते माहीत असतं, नेमकं नसतं. दर दोन मिनिटांनी दार उघडून रस्ता बघत राहणं ही एक तऱ्हा. यात बहुतेक खेपा फुकट जातात, शिवाय दोन खेपांच्या मध्येच तो निघून गेला तर उंडे, म्हणजे गोल पाव, हुकले ते हुकलेच. दुसरी तऱ्हा म्हणजे आपलं काम चालू ठेवायचं, आणि सायकलच्या भोंग्याचं ‘पों पों’ ऐकू आलं की हातातलं ठेवून पिशवी घेऊन बाहेर पडायचं. संगणकाच्या भाषेत पहिलीला पोलिंग म्हणतात, दुसरीला इंटरप्ट.

इंटरप्ट ही सर्किटमध्येच केलेली सोय आहे. बाहेरून विजेचा इशारा आला की प्रोसेसर चालू सूचना पूर्ण करतो, आपण कुठे होतो ते नोंदवून ठेवतो, ठरलेल्या हँडलरकडे उडी मारतो आणि ते काम उरकून परत जागेवर येतो. १९५० च्या दशकात ही कल्पना यंत्रांत येऊ लागली. तेव्हाचे प्रिंटर आणि टेपयंत्रं प्रोसेसरच्या मानाने इतकी संथ होती, की त्यांची वाट बघत महागडं यंत्र रिकामं बसवणं परवडत नव्हतं. डच संगणकशास्त्रज्ञ एडस्गर डाइक्स्ट्रा यांनी एक्स-१ या संगणकासाठी इंटरप्ट हाताळणारा प्रोग्राम लिहिला आणि १९५९ साली त्यावरच्या प्रबंधासाठी ॲमस्टरडॅम विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. सुरुवातीला त्यांना या सोयीची धास्तीच वाटली होती. प्रोग्राम कुठल्याही दोन सूचनांच्या मध्ये थांबवला जाणार असेल, तर आज झालेली चूक उद्या तशीच्या तशी पुन्हा घडवून दाखवता येईलच असं नाही. ही धास्ती पुढे किती खरी ठरली ते येईलच.

पुस्तकांत पोलिंगला उगाच नावं ठेवलेली असतात. आपल्या बझरसाठी पोलिंग अगदी पुरेसं आहे. अर्दुइनोच्या ‘उनो’ या बोर्डवरची चिप सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके घेते आणि तिच्या प्रोग्राममधलं ‘लूप’ नावाचं फंक्शन संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. चार बटणं तपासायला तिला काही मायक्रोसेकंद लागतात. इंटरप्टसाठी खास राखलेल्या पिना त्या बोर्डवर दोनच आहेत, क्रमांक २ आणि ३, त्यामुळे चार बटणांना त्या तशाही पुरत नाहीत. पण बॅटरीवर चालणारी वस्तू असेल तर गणित बदलतं. खिशातला फोन दिवसभर ‘कुणी हात लावला का’ असं विचारत बसला, तर दुपारपर्यंत गार पडेल. म्हणून त्याचा प्रोसेसर शक्य तितका वेळ झोपलेला असतो आणि इंटरप्ट त्याला उठवतो.

फोनवर आणि संगणकावर आणखी एक पायरी येते: रांग. स्क्रीनला बोट लागलं की इंटरप्ट येतो, ऑपरेटिंग सिस्टीम त्याची नोंद घेते आणि ‘अमुक ठिकाणी बोट टेकलं’ असा इव्हेंट त्या ॲपच्या रांगेत लावते. ॲपच्या आत एक लूप फिरत असतं, त्याला इव्हेंट लूप म्हणतात. रांगेतला पहिला इव्हेंट उचलायचा, त्याचा हँडलर चालवायचा, तो संपला की पुढचा उचलायचा. रांग रिकामी असेल तर झोपायचं. संगणक मध्येच अडकलेला असताना तुम्ही टाइप करत राहिलात, तर काही सेकंदांनी सगळी अक्षरं एकदम उमटतात. ती हरवलेली नसतात, रांगेत उभी असतात.

१९८४ साली मॅकिंटॉश हा संगणक आला तेव्हा त्याच्यासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्याला हे लूप स्वतःच्या हाताने लिहावं लागे. पुढच्याच वर्षी आलेल्या विंडोजमध्येही तेच. १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रामिंगच्या साधनाने ते नजरेआड केलं. पडद्यावर बटण काढा, त्यावर दोनदा क्लिक करा, रिकामा हँडलर समोर उघडतो, आत तुमच्या ओळी लिहा. लूप दिसतही नाही. २००७ पासून जगभरची मुलं वापरतात त्या स्क्रॅच या ठोकळे जोडून प्रोग्राम लिहायच्या भाषेत तर सुरुवातच ‘हिरवा झेंडा क्लिक केल्यावर’ या ठोकळ्याने होते. दहा वर्षांचं मूल न अडखळता इव्हेंट हाताळतं आणि आज्ञाधारक प्रोग्राम लिहून लिहून हात बसलेला पदवीधर अडखळतो. याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही, त्याला आधीची सवय मोडावी लागते.

रांग आली की शिस्तही आली. एक हँडलर चालू असताना दुसरा चालत नाही. म्हणजे प्रत्येकाने आपलं काम चटकन उरकून बाजूला व्हायला हवं. पडद्यावरचं चित्र साधारणपणे सेकंदाला ६० वेळा बदलतं, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. हँडलरने त्याहून जास्त घेतले की चित्र अडखळतं. एक दशांश सेकंदाच्या पुढे गेलं, की ‘लगेच झालं’ ही भावना जाते आणि माणूस तेच बटण पुन्हा दाबतो. रांगेत आणखी एक इव्हेंट.

बझरमध्येही ही चूक होते आणि फार शिकवून जाते. दिवा लागल्यावर भोंगा तीन सेकंद वाजायला हवा, म्हणून मुलं ‘भोंगा चालू, तीन सेकंद थांब, भोंगा बंद’ असं लिहितात. अर्दुइनोमधली ‘डिले’ ही सूचना. त्या तीन सेकंदांत बोर्ड ठार बहिरा असतो, सूत्रसंचालकाने ‘पुन्हा सुरू’चं बटण दाबलं तरी कळत नाही. त्यावर उपाय म्हणजे थांबायचंच नाही. भोंगा चालू करायचा, किती वाजता चालू केला ते लिहून ठेवायचं आणि बाहेर पडायचं. ‘तीन सेकंद झाले’ हाही एक इव्हेंटच, तो आला की भोंगा बंद.

ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्ट या भाषेला हे अंगवळणीच पडलेलं आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप या ब्राउझरसाठी तिचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला, तो मुळात पानावरच्या क्लिकला उत्तर देण्यासाठी. तिच्यात एक गंमत करून बघा. पहिल्या ओळीत ‘एक’ छापायला सांगा, दुसरीत ‘शून्य मिलिसेकंदांनी दोन छाप’ असा टायमर लावा, तिसरीत ‘तीन’. उत्तर येतं एक, तीन, दोन. टायमर शून्याचा असला तरी त्याचा इव्हेंट रांगेतूनच येणार आणि चालू काम संपल्याशिवाय रांगेकडे कुणी बघणार नाही.

हीच युक्ती सर्व्हरलाही लागू पडते. दहावीच्या निकालाच्या दिवशी हजारो घरांतून एकाच वेळी विचारणा होते. प्रत्येक विचारणेसाठी वेगळा धागा, म्हणजे थ्रेड, उघडला तर प्रत्येक धागा थोडी मेमरी अडवतो आणि बहुतेक वेळ नुसता डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत बसतो. एका यंत्राने एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळाव्यात, हा प्रश्न १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी सविस्तर मांडला. इव्हेंट लूपवर उभारलेला एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर २००४ साली आणि जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवणारा रायन डाल यांचा नोड.जेएस २००९ साली आला, तो याच वाटेने: एका विचारणेसाठी ताटकळायचं नाही, उत्तर आलं की इव्हेंट म्हणून येऊ दे. फुकटात मात्र काहीच मिळत नाही. काम वाट बघण्याचं नसून मोठ्या आकडेमोडीचं असेल, तर एकटं लूप लगेच तुंबतं.

प्रदर्शनात कुणीतरी हटकून विचारतं, “सर, दोघांनी एकदम दाबलं तर?” संगणकापुरतं ‘एकदम’ असं जवळपास नसतंच. पोलिंगमध्ये ज्याचं बटण आधी तपासलं तो जिंकतो. एक फेरी काही मायक्रोसेकंदांची असेल तर हा अन्याय नगण्य आहे, कारण माणसांच्या बोटांमधला फरक मिलिसेकंदांत असतो. पण कुणी लूपमध्ये सहज म्हणून ५० मिलिसेकंदांचा डिले टाकून ठेवला असेल, तर त्या काळात दाबून धरलेली सगळी बटणं एकत्रच दिसतात आणि पहिल्या क्रमांकाचा संघ फुकट जिंकू लागतो. परीक्षकांनी बक्षीस देण्याआधी एवढं तपासावं.

बटण स्वतःही सरळ वागत नाही. आतले धातूचे पत्रे टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि एका दाबण्याचे चार-पाच इव्हेंट होतात. कोण पहिला हे ठरवताना त्याने बिघडत नाही, पण गुण वाढवायच्या बटणाला दहाचे पन्नास होतात. म्हणून एकदा दाबल्याची नोंद झाली की पुढचे ३०-४० मिलिसेकंद त्या बटणाकडे दुर्लक्ष करायचं.

क्रम गृहीत धरण्याची किंमत काय असू शकते हे थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने दाखवलं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा रुग्णांना किरणांची प्रचंड जादा मात्रा दिली, काही जण त्यात दगावले. दोषांपैकी एक असा होता: चालकाने उपचाराचा प्रकार टाइप केला की यंत्र आतले चुंबक जुळवायला घेई, त्याला सुमारे ८ सेकंद लागत. तेवढ्यात चालकाने चूक लक्षात येऊन भराभर दुरुस्ती केली, तर पडद्यावर नवा प्रकार दिसे, पण यंत्राच्या सगळ्या भागांना तो कळलेला नसे. सावकाश टाइप करणाऱ्याला हा दोष भेटलाच नाही. सरावाने हात चपळ झालेल्या चालकाला भेटला. भरीला, जुन्या यंत्रांतली चुकीला अडवणारी यांत्रिक कुलपं या यंत्रातून काढून टाकली होती.

म्हणून सुटी कलमं पुरत नाहीत. आपण आत्ता कोणत्या अवस्थेत आहोत हेही प्रोग्रामने लक्षात ठेवायला हवं. बझरच्या तीन अवस्था पुरतात: प्रश्न वाचला जातोय, बझर खुला आहे, कुणीतरी जिंकलंय. कागदावर तीन रकाने आखा, डावीकडे सगळे इव्हेंट लिहा आणि प्रत्येक चौकोन भरा. प्रश्न पुरा व्हायच्या आत बटण दाबलं तर? दुर्लक्ष करायचं की तो संघ बाद? हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवायचं नसतं, स्पर्धेच्या संयोजकांना विचारायचं असतं. कोड लिहायला बसण्याआधी असे दोन-तीन चौकोन तरी रिकामे सापडतात.

आणि एक इव्हेंट यादीत टाकायचा राहतोच: वीज गेली आणि परत आली. स्पर्धा पावसाळ्यात असेल तर तो येणारच. त्या क्षणी बोर्ड पहिल्यापासून सुरू होतो आणि सगळ्यांचे गुण शून्य. अर्दुइनो उनोमध्ये वीज गेली तरी टिकणारी १,०२४ बाइटची ईईप्रॉम नावाची मेमरी असते. प्रत्येक फेरीनंतर चार संघांचे गुण तिथे लिहून ठेवले की भागतं. तिच्यातला प्रत्येक बाइट सुमारे १ लाख वेळा लिहिता येतो, तेव्हा फेरीमागे एकदा लिहायला काहीच हरकत नाही. लूपच्या प्रत्येक फेरीत मात्र लिहू नये, एका दुपारीच ती वाया जाईल.